शिलाईतली माया

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी दुकानातलं पायाचं शिलाई मशीन गेलं आणि विजेवरचं आलं, आणि त्याच वर्षी घरातली मुलगी आजारी पडली. पुढे त्या घरात काळ सांगायचा तो असाच: मशीन आलं त्याच्या आधी, मशीन आलं त्याच्या नंतर. आजाराचं नाव घ्यायला जीभ रेटत नसे, मशीनचं घेता येत असे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काचेची खिडकी, खिडकीला लागून कापायचं लांब टेबल, त्यामागे मशीन, आणि भिंतीशी तयार कपड्यांची दांडी. टेबल आत्याचं, मशीन आईचं. आत्या म्हणजे घरधन्याची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. तरुणपणी कात्री हातात घेतली ती कायमची. आत्या कापायची, आई शिवायची. दोघींचं पटायचं असं नाही, पण दोघींच्या कामाचं एकमेकांशी पटायचं. घरधनी बेकरीत भट्टीवर होते. पहाटे जायचे आणि दुपारी पिठाने पांढरे होऊन, उरलेल्या पावांची पिशवी घेऊन परतायचे.

मुलगी चौदा वर्षांची, एकुलती एक. अंगाने अशी की वाऱ्याने उडेल. आत्याने तिचं नाव सुई ठेवलं होतं. आत्याची नजर अधू व्हायला लागली होती, तेव्हा तिच्या सुईत दोरा हीच ओवून द्यायची, दोरा न चाटता, एका फटक्यात. "सुईनेच सुई ओवली," असं म्हणून आत्या दर वेळी हसायची, जणू विनोद आजच सुचला आहे.

आजार कधी सुरू झाला ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. ती गप्प झाली तेव्हा सगळे म्हणाले, वय आहे. एकटीच हसायला लागली तेव्हाही म्हणाले, वय आहे. मग तिने रेडिओची वायर काढून ठेवली, कारण रेडिओवरची बाई तिचं नाव घेऊन तिच्या चुका वाचून दाखवत होती. दुकानातल्या मोठ्या आरशावर तिने चादर टाकली आणि ती कुणाला काढू देईना. तरीही घर म्हणत राहिलं, होईल बरी. मग एके दिवशी ती शाळेतून लवकर आली आणि दांडीवरच्या सगळ्या कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या तिने कात्रीने कापून टाकल्या. चिठ्ठ्या ऐकतात, म्हणाली. कुठला कपडा कुणाचा ते कळेना. अंदाजाने वाटप केलं, तर गावातल्या सगळ्यात जाड वकिलाच्या घरी गणिताच्या मास्तरांची पँट गेली. वकील ती हातात धरून दुकानात आले आणि म्हणाले, "हिच्यात माझा एक पाय जाईल. दुसरा कुठे ठेवू?"

एरवी या गोष्टीवर दुकान आठवडाभर हसलं असतं. त्या दिवशी वकील गेल्यावर आई मशीनवर डोकं टेकून बसली, आणि दुसऱ्या दिवशी सुईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली.

त्या काळी मुलांच्या मनाचे डॉक्टर शोधून सापडत नसत. इथे एक डॉक्टरीणबाई होत्या, तिशीच्या, केस कापलेल्या, बोलताना पेनाचं टोपण काढायच्या आणि लावायच्या. त्यांनी सुईशी एकटीशी बराच वेळ बोलून घेतलं. मग आईला आत बोलावलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मुलांमध्ये तो क्वचितच होतो, म्हणाल्या, पण होतो.

"औषध लागेल. लहान वयात कमीत कमी देऊन बघायचं असतं, म्हणून मी थोडं थोडं वाढवत जाईन. याने आवाज एकदम बंद नाही व्हायचे. आधी लांब जातील. झोप येईल, भूक वाढेल, वजन वाढेल. हात थरथरले तर त्याला वेगळी गोळी आहे. पण मनाने बंद करायचं नाही."

"किती दिवस?"

"आत्ताच नाही सांगता येत. आणि आणखी एक. ती जे बोलेल ते मला जसंच्या तसं सांगायचं. त्यातलं खरं काय नि भास काय, हे मला तुमच्याकडूनच कळणार. मी काही तुमच्या घरात राहत नाही."

आईने मान डोलावली. तेव्हा ती गोष्ट तिला सगळ्यात सोपी वाटली.

औषधाने गुण आला. पहिले काही आठवडे सुई नुसती झोपायची, जेवायची आणि पुन्हा झोपायची. मग एका सकाळी तिने स्वतःहून रेडिओची वायर जोडली, थोडा वेळ उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "आज बातम्याच सांगतेय." आई मशीन थांबवून तशीच बसून राहिली. हातातला कपडा कुणाचा होता तेही तिला पुढे कधी आठवलं नाही.

पण भूक. ती भूक जेवणाने भागणारी नव्हती. वडिलांनी आणलेली पावांची पिशवी टेबलावर ठेवेपर्यंत अर्धी व्हायची. "भट्टीच घरी आणतो उद्या," वडील म्हणायचे, आणि लेकीने चार घास जास्त खाल्ले याचा त्यांना आनंदच व्हायचा. सुईचे गाल भरले, मनगटं भरली, पाठ भरली. आरशावर चादर होती तशीच होती, म्हणून तिला ते एकदम दिसलं नाही. दवाखान्यात काट्यावर उभी करताना आईने बाईंना हळूच सांगून ठेवलं होतं की तिला आकडा सांगू नका, आणि बाईंनी ते मानलं होतं.

शाळेत मात्र कुणी काही मानत नाही.

"वर्गात मला पिंप म्हणतात," सुई एक दिवस म्हणाली.

आईने चमकून पाहिलं.

"तसं नाही गं. ऐकू येतं ते वेगळं. हे खरंच म्हणतात. बाकावर लिहिलंय." मग पाव मोडत म्हणाली, "मी या गोळ्यांनी फुगत असेन ना, तर मी नाही घेणार. बाईंना काय, त्या बारीकच आहेत."

आणि तिने घेतल्या नाहीत. गालात धरून ठेवायची आणि मागे जाऊन थुंकायची. कळेपर्यंत आठवडा गेला, आणि तेवढ्यात रेडिओवरची बाई परत आली. या वेळी ती सुईला छपरावर चढायला सांगत होती. वडिलांनी शिडीवरून तिला उतरवली तेव्हा त्यांच्या तोंडाला पीठ नसतानाही ते पांढरेफटक होते.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण आईच्या मनात एक भीती बसली ती बसली. ही फुगली की गोळ्या सोडणार, गोळ्या सोडल्या की छपरावर जाणार. मग हिला फुगल्याचं कळताच कामा नये.

आता शिवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. कपडा कापताना मापाच्या बाहेर थोडं कापड जास्त सोडतात, शिलाईच्या आत दुमडून राहतं ते. उद्या अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. वाढत्या मुलांच्या कपड्यात माया जास्त सोडायची, हा आत्याचा नियमच होता. सुईच्या शाळेच्या झग्याला दोन्ही बाजूंना बोटबोटभर माया होती.

आईने पहिल्यांदा झगा उसवला तो नुसता काखेत काचतोय म्हणून. सुई गोळीच्या गुंगीत दुपारची झोपली होती. आईने माया थोडी बाहेर घेतली, नवी शिलाई मारली, इस्त्री फिरवली आणि झगा होता तिथे टांगला. दुसऱ्या दिवशी सुई झगा घालून आली, कमरेवर दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, "आई, होतोय की अजून! म्हणजे फार काही नाही वाढले मी. उगाच चिडवतात मेल्या." आणि पाणी न सांडता, तोंड वाकडं न करता तिने गोळी गिळली.

आईने काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून गप्प बसली असंही नाही. शब्द तोंडाशी आले आणि लेकीचा चेहरा बघून मागे फिरले. मग पुढच्या दुपारी दुसरा झगा उसवला. मग रविवारचा फ्रॉक. मग पुन्हा पहिला झगा. आत्या दुपारी जेवून तासभर पडायची, तेवढ्या वेळात होत असे हे सगळं.

पण शिवणाऱ्याच्या घरातली पोर ती. कपडा तिला फसवणार किती? माया आत दडलेली असते तोवर तिला ऊन लागत नाही, धुण्याचा फारसा मार लागत नाही. बाहेर काढली की मूळ कापडाहून गडद दिसते. झग्याच्या दोन्ही कुशींवरून एकेक गडद पट्टी उतरायला लागली, आणि पट्टीच्या कडेला जुन्या शिलाईची बारीक भोकं, मुंग्यांच्या रांगेसारखी.

"आई, हा माझा झगा नाही."

"तुझाच आहे."

"दिसतो माझ्यासारखाच. पण कुणीतरी बदललाय. ही रेघ नव्हती इथे."

आईने ती रेघ तळव्याने सपाट केली. ती म्हणाली, "भास होतोय तुला राणी. तोच झगा आहे." आणि वरून म्हणाली, "तुझी गोळी घ्यायची राहिलीय का?"

सुई झग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घेतली."

दवाखान्याच्या फेरीला तिने हे बाईंना सांगितलं. घरात कुणीतरी येतं, माझे कपडे नेतं आणि तसेच दिसणारे दुसरे ठेवतं. बाईंनी टोपण काढलं, लावलं. सुईला बाहेर बसवून त्यांनी आईला विचारलं, "असं काही खरंच घडतंय का घरी? कुणी कपडे हलवतं, धुवायला नेतं, बदलतं?"

हाच तो क्षण. आईला सांगता आलं असतं. पण दार किलकिलं होतं, बाहेर बाकावर सुईचे पाय दिसत होते, आणि आईला पुन्हा ती शिडी दिसली.

"नाही," आई म्हणाली.

"मग औषध थोडं वाढवावं लागेल."

थोडं वाढवलं. पुढच्या फेरीला सुई तेच म्हणाली, म्हणून आणखी थोडं वाढवलं. त्या औषधाचा दोष नव्हता, बाईंचाही नव्हता. त्या आपल्या परीने बरोबरच करत होत्या. पण सुई आता लाकडासारखी चालायला लागली. हात अंगाला चिकटलेले, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. हातांच्या थरथरीवर दिलेली गोळी पुरी पडेना. एका दुपारी आत्याने सवयीने तिच्यापुढे सुई-दोरा धरला. पोरगी ओवत बसली. दोऱ्याचं टोक नेढ्याभोवती नाचत राहिलं, आत जाईना. आत्याने विनोद केला नाही. तिने सुई हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे गं. दोराच हरामखोर निघाला."

आणि भूक आणखी वाढली, अंग आणखी वाढलं, आई आणखी उसवत गेली.

सगळ्यात वाईट ते वेगळंच होतं. सुईने कपड्यांबद्दल बोलणं बंद केलं. बाईंना ते औषधाचं यश वाटलं. घरी ती आता दुसरंच काही विचारायला लागली होती. ताटापुढे बसायची आणि विचारायची, "आई, हा पाव आहे ना?" पावसाच्या दिवशी खिडकीशी उभी राहून, "आई, पाऊस पडतोय ना?" पाऊस धो धो पडत असे.

"अगं दिसत नाही का तुला?"

"दिसतो. पण मला दिसतं ते खरं नसतं ना. म्हणून विचारते."

आईने "हो, पडतोय" म्हटलं आणि मशीन सुरू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

शेवटी पकडलं ते आत्याने, आणि तेही मायेनेच. शाळेचं नवं वर्ष जवळ आलं होतं. आत्या म्हणाली, पोरीचा झगा आण, बाजू थोड्या मोकळ्या करून देते. आई म्हणाली, मी बघते. आत्या म्हणाली, तू काय बघतेस, कापणारी मी. तिने झगा उलटा केला, नजर अधू म्हणून शिलाईवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा थांबला.

"वहिनी, यात माया कुठे आहे?"

आईने हातातला कपडा मशीनखाली सरकवला.

"दोन्हीकडे बोटबोट सोडली होती मी. माझ्या हाताने. इथे दोऱ्याएवढीही नाही." आत्याने झगा खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, नाकाला लावावा इतका जवळ. "एकदा नाही उसवलाय हा. कितीदा उसवलास?"

"वन्सं, हळू बोला. ती आत आहे."

"पोरगी ओरडून ओरडून सांगत होती कपडा बदलतोय म्हणून!"

"तिला कळलं असतं तर तिने गोळ्या टाकल्या असत्या. तुम्ही नव्हतात शिडीपाशी. मी होते."

"मग डॉक्टरणीला तरी सांगायचंस?"

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग ती म्हणाली, "आधी सांगितलं नाही. मग सांगता येईना."

आत्या खाली बसली. जन्मभर टोमणे मारलेली बाई, पण त्या वेळी तिला एकही सुचला नाही. ती एवढंच म्हणाली, "अगं, तिचे डोळे तेवढे शाबूत होते. तेही तू काढून घेतलेस."

संध्याकाळपर्यंत आईने आणखी एकही टाका घातला नाही. मग तिने सुईला दुकानात बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि झगा उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला.

"बघ."

सुईने पाहिलं. थरथरत्या बोटाने भोकांच्या रांगेवरून वरपासून खालपर्यंत गेली. एक रांग, तिच्या बाहेर दुसरी, तिच्याही बाहेर तिसरी.

"हे कुणी केलं?"

"मी."

आईला वाटलं होतं ती रडेल, किंवा झगा फेकेल. सुईने तो नीट घडी करून बाजूला ठेवला. औषधाने चेहरा इतका जड झाला होता की त्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं.

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं."

"हो."

"आणि तू म्हणालीस भास आहे."

"हो."

"मग आणखी काय काय खरं होतं?"

या प्रश्नाची तयारी आईने केली नव्हती. ती घाईने म्हणाली, "बाकी काही नाही गं. रेडिओवरची बाई, चिठ्ठ्या, ते सगळं आजाराचं होतं. शपथ घेऊन सांगते."

सुई म्हणाली, "कशावरून?"

टेबलामागून आत्या उठली. "माझ्यावरून," ती म्हणाली. "मी ऐकायची ना तो रेडिओ तुझ्या शेजारी बसून. तुझं नाव त्या बाईने कधी घेतलं नाही. मला दिसत कमी असेल, कान शाबूत आहेत माझे."

सुईने आत्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आईकडे तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईने सगळं सांगितलं, सुईसमोर, दार बंद करून. डॉक्टरीणबाईंचं टोपण हातात तसंच राहिलं. "मी तुमच्या शब्दावर औषध वाढवलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण आईला तो चढलेला चालला असता. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दर फेरीला वजन वाढलेलं मीच लिहीत होते. झगा मात्र तोच. मलाही दिसायला हवं होतं." त्यांनी सुईला विचारलं, "तुला आता माझं औषध घ्यावंसं वाटतं का?"

"आवाज परत येतील?"

"बंद केलंस तर बहुतेक येतील. कमी करू शकते मी. सावकाश. आणि वजनाचा आकडा यापुढे तुला आधी सांगेन, आईला नंतर."

सुईने विचार केला. तिचा विचार त्या दिवसांत फार सावकाश चालायचा, बाई थांबल्या. "घेईन," ती म्हणाली. "पण माझ्या कपड्यांना आता कुणी हात लावायचा नाही."

घरी आल्यावर तिने आरशावरची चादर स्वतः ओढून काढली. आत्याला म्हणाली, टेप घे. आत्याने गिऱ्हाइकाचं घेतात तसं, प्रत्येक आकडा मोठ्याने बोलत माप घेतलं. सुई आरशात बघत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हलली नाही. आत्याने नव्या झग्याचं कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि विचारलं, "माया किती ठेवू?"

"काही नको ठेवू," सुई म्हणाली. "नाही झाला की दुसरा शिवू."

आत्याच्या आयुष्यात तिने मायेवाचून कापलेला तो पहिला कपडा. मशीनवर आई बसली होती. तिने तो शिवला, सांगितला तसा.

औषध कमी व्हायला दोनेक महिने लागले. चालणं सुटं झालं, लाळ थांबली, हात पुष्कळसे स्थिरावले. अंग मात्र उतरलं ते अर्धंमुर्धंच. पाऊस पडतोय का हे विचारणं तिने सोडलं नाही, पण आता ती ते आत्याला विचारायची, वडिलांना विचारायची, एकदा तर रस्त्यावरच्या पोस्टमनला हाक मारून विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी काय हौसेने भिजतोय का?" आणि ती हसली. आईला मात्र तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे काय काय झालं ते सांगायचं तर, वडील बेकरी बंद पडेपर्यंत भट्टीवर राहिले आणि त्यानंतर वर्षभरात, दुपारच्या झोपेतच गेले. डॉक्टरीणबाईंनी मुलांसाठी वेगळा विभाग उभा केला. नव्या डॉक्टरांना त्या एक गोष्ट बजावून सांगायच्या: मूल विचित्र काही बोललं, तर औषधाला हात घालण्याआधी घरी जाऊन बघून या. कुणाचं घर बघून हे शिकल्या, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्याची नजर पुढे पुरती गेली. तरी ती अंगठ्याने कापड ओळखायची आणि शेवटपर्यंत टेबलाशी बसायची. वकील म्हातारपणी बारीक झाले आणि त्यांना मास्तरांच्या मापाची पँट होऊ लागली, हे ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला.

सुई एकोणीस वर्षांची असताना एकदा आजार उलटला, गोळ्या चुकवल्या नसतानाही. नंतर नव्या गोळ्या आल्या, मग त्याहून नव्या. एकीने साखर वाढवली, एकीने झोप उडवली, एक बरी मानवली. लग्न केलं नाही. दुकान तिने चालवलं, नवे कपडे शिवणं बंद केलं आणि फक्त जुन्याची दुरुस्ती ठेवली. गिऱ्हाईक कपडा घट्ट झाला म्हणून आणायचं आणि म्हणायचं, धुऊन आटला बहुतेक. ती म्हणायची, "आटला नाही, तुम्ही वाढलात. किती मोकळा करू?" काही गिऱ्हाइकं तुटली. बाकीची टिकली.

आई सगळ्यांत जास्त जगली. लेकीने तिचं सगळं केलं: जेवण, आंघोळ, औषध. बोलणं चालणं व्यवस्थित होतं, भांडण कधी झालं नाही. शेवटच्या वर्षात म्हातारीला माणसं दिसायला लागली. दारात कुणीतरी उभं आहे, म्हणायची. सुई दर वेळी हातातलं काम ठेवून उठायची, दारापर्यंत जायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायची आणि परत येऊन सांगायची, "कुणी नाही, आई." कधी खरंच कुणी असलं, तर तेही सांगायची.